गांगनुंगच्या दानोजेला पहिल्यांदा जाताना

कोरियन संस्कृतीचा उत्सव म्हटलं की आपल्याकडच्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रंगीत दिव्यांचं स्टेज आणि त्यावर नाचणारी तरुण मुलं येतात. तसे कार्यक्रम सोलमध्ये वर्षभर होतात आणि त्यांची तिकिटं मिळवण्यासाठी झुंबड उडते. दानोजे वेगळा आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या गांगनुंग या साधारण दोन लाख वस्तीच्या शहरात, नदीकाठच्या मोकळ्या मैदानात, उन्हाळ्याच्या तोंडावर साधारण आठवडाभर हा उत्सव चालतो. मैदानाला तिकीट नाही, दारावर तपासणी नाही, नावनोंदणी नाही. डोंगरावरच्या देवाला गावात आणायचं, त्याची पूजा करायची, त्याच्यासमोर नाचायचं-गायचं आणि शेवटच्या रात्री त्याला परत पाठवायचं, एवढा हा मामला. ग्रामदैवताची जत्रा ज्याने पाहिली आहे त्याला याचा गाभा कुणी समजावून सांगावा लागणार नाही.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला माझं एकच सांगणं असतं. आधी देवाच्या मांडवात जा, बाजार नंतर. बाहेरचे बरेच पाहुणे उलटं करतात. शेकडो दुकानांच्या रांगांमध्ये दिवस घालवतात, दोन फोटो काढतात आणि संध्याकाळची गाडी पकडतात. मग त्यांना वाटतं की हे एक मोठं खाऊमार्केट होतं. पुढचं सगळं त्याच बेताने लिहिलं आहे.

१. तारीख आधी नक्की करा

दानो हा सण कोरियन चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी येतो. त्यांचा महिना अमावास्येपासून सुरू होतो, आपलाही महिना अमावास्येला संपून प्रतिपदेला नवा लागतो. त्यामुळे बहुतेक वर्षी दानो ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या एखाद-दुसऱ्या दिवसाच्या अंतराने येतो. कालनिर्णय घरात असेल तर अंदाज तिथेच बांधता येतो. अधिक मास दोन्हीकडे वेगवेगळ्या जागी पडला तर मात्र एका महिन्याचा फरक पडू शकतो, हे लक्षात ठेवा. २०२६ मध्ये दानो १९ जूनला आहे आणि २०२७ मध्ये ९ जूनला. उत्सव या दिवसाच्या आधी काही दिवस सुरू होतो आणि नंतर दोन-तीन दिवसांनी संपतो. दर वर्षीचं वेळापत्रक उत्सवाच्या संकेतस्थळावर येतं, ते उतरवून घ्या, कारण कोणता विधी किती वाजता हे वर्षागणिक थोडं बदलतं.

चीनमध्ये याच दिवशी नौकांच्या शर्यती होतात, त्यामुळे काही जण तशीच अपेक्षा घेऊन येतात. गांगनुंगला शर्यतीच्या नौका नाहीत. दिवस तोच आहे, उत्सव वेगळा.

सगळा आठवडा काढता येत नसेल तर कोणते दिवस निवडावेत? मी दानोच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ ते दानोचा दिवस एवढा मुक्काम सुचवेन. त्या पहिल्या संध्याकाळी देवाची मिरवणूक शहरातून मैदानात येते आणि ती चुकवू नये. दुसरा पर्याय म्हणजे शेवटचे दोन दिवस, ज्यात निरोपाचा विधी येतो. एकाच दिवसाची सवड असेल तर दानोचाच दिवस घ्या, पण त्या दिवशी गर्दी सगळ्यात जास्त असते.

२. व्हिसा, गाडी, खोली

भारतीय पारपत्रावर दक्षिण कोरियाला जायला आधी व्हिसा काढावा लागतो. काही देशांच्या लोकांना फक्त ऑनलाइन परवाना पुरतो, त्या यादीत आपण नाही. कोरियाचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. उन्हाळी सुट्टीच्या दिवसांत अर्जांची रीघ लागते, तेव्हा विमानाचं न परतणारं तिकीट काढण्याआधी व्हिसाचं काम हातावेगळं करा. रांजणगाव-तळेगाव पट्ट्यातल्या कोरियन कंपन्यांमधले अनेक जण कामासाठी सोलला जातात. त्यांनी कामाच्या तारखा थोड्या पुढेमागे करता येतात का हे जरूर पाहावं. शनिवार-रविवारात हा उत्सव बघून होतो.

इंचॉन विमानतळावरून आधी सोल स्टेशनला या, विमानतळाच्या रेल्वेने तासाभरात पोचता. तिथून केटीएक्स ही जलद गाडी सुमारे दोन तासांत गांगनुंगला पोचवते. हा मार्ग २०१७ च्या डिसेंबरमध्ये, प्यॉंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकच्या तोंडावर सुरू झाला. बर्फावरच्या हॉकीचे आणि स्केटिंगचे सामने गांगनुंगमध्येच झाले होते. गाडीचं आरक्षण प्रवासाच्या महिनाभर आधी उघडतं. उत्सवाच्या शनिवार-रविवारी सकाळच्या गाड्या लवकर भरतात, म्हणून आरक्षण उघडताच जागा धरा. नाहीच मिळाली तर सोलहून बस आहेत. त्यांना अडीच-तीन तास लागतात आणि रस्त्यावर गर्दी असेल तर जास्त.

मुक्काम स्टेशनच्या आसपास किंवा जुन्या शहरात घ्या. ग्यॉंगपो किनाऱ्यावरची हॉटेलं सुंदर आहेत, पण रात्री उशिरा मैदानातून तिकडे परतायला टॅक्सीची वाट बघावी लागते.

फोनमध्ये नावेर मॅप किंवा काकाओ मॅप आधीच घाला. आपण रोज वापरतो त्या गूगल मॅपवर कोरियात पायी चालण्याचा रस्ता नीट मिळत नाही. टी-मनी नावाचं कार्ड कोणत्याही चोवीस तास उघड्या दुकानात मिळतं आणि बस-मेट्रोला चालतं. अडचण आली तर १३३० हा पर्यटकांसाठीचा दूरध्वनी क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे इंग्रजीत बोलता येतं. रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११९, पोलिसांसाठी ११२.

३. निघण्याआधी ही गोष्ट वाचून घ्या

गोष्ट माहीत नसेल तर मैदानातलं निम्मं काही कळणार नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो.

गांगनुंगच्या पश्चिमेला देग्वाल्ल्यॉंग नावाची मोठी खिंड आहे. तिथल्या डोंगराचा देव म्हणून सिला राज्याचा सेनापती किम यू-शिन याची पूजा होते. पण दानोजेचा मुख्य देव दुसरा आहे. नवव्या शतकातला बौद्ध भिक्षू बोमिल मरणानंतर या परिसराचा रक्षक देव झाला, असं लोक मानतात. शहरात जॉंग आडनावाचं एक घराणं होतं. देवाने त्या घरच्या बापाच्या स्वप्नात येऊन मुलीला मागणी घातली. माणूस नसलेल्याला मुलगी कशी देऊ, म्हणून बापाने नकार दिला. मग एक दिवस मुलगी नटूनथटून ओसरीवर बसली असताना वाघ आला आणि तिला उचलून डोंगरावर घेऊन गेला. घरचे शोधत गेले तेव्हा ती देवाशेजारी उभी होती, प्राण गेलेला, शरीर पुतळ्यासारखं ताठ. तेव्हापासून ती देवाची बायको आणि शहराची रक्षक देवी. तिचं ठाणं शहरात आहे, देवाचं डोंगरावर. वर्षातून एकदा दोघं भेटतात.

हा उत्सव म्हणजे त्या भेटीचा सोहळा. चौथ्या चांद्र महिन्याच्या पाचव्या दिवशी छिल्सादांग या जुन्या सरकारी वाड्यात देवासाठी तांदळाची दारू आंबवायला घालतात. तिला शिंजू म्हणतात. तिचा तांदूळ शहरातले लोक घराघरांतून आणून देतात. त्याच महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास, डोंगरावर पूजा होते. जंगलातल्या मेपलच्या झाडांपैकी एक झाड थरथरतं, त्यात देव उतरला असं समजून ते तोडतात, त्याला रंगीत कापडं बांधतात आणि मिरवत देवीच्या ठाण्यात आणून ठेवतात. पाचव्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी दोघांना नदीकाठच्या मांडवात आणतात. मी वर जी संध्याकाळ चुकवू नका म्हटलं ती हीच. मिरवणूक देवीच्या माहेरी थांबते, जॉंग घराण्याच्या जुन्या वाड्याच्या जागी. मग कागदी कंदील हातात घेतलेले लोक गात गात मैदानाकडे निघतात. कंदील घेऊन त्यांच्यात चालायला पाहुण्यांनाही कुणी अडवत नाही.

हो ग्युन हा गांगनुंगचाच लेखक. त्याने १६०३ मध्ये इथे हा देव आणताना लोकांना पाहिलं आणि त्याबद्दल लिहून ठेवलं. कोरियन सरकारने १९६७ मध्ये दानोजेला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. युनेस्कोने २००५ मध्ये त्याचा गौरव केला आणि २००८ मध्ये तो मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला.

४. मैदानात कसं शिरावं

स्टेशनवरून मैदान पायी गाठता येतं. जलद गाडी आली तेव्हा शहरातले जुने रूळ उखडले आणि त्या पट्ट्यावर वोल्ह्वा नावाचा पादचारी रस्ता केला. त्यावरून रमतगमत चाललात तर जुंगांग बाजारावरून जाऊन अर्ध्या तासात नामदेचॉन नदीला लागता. उत्सवाच्या दिवसांत वाट विचारावी लागत नाही, ढोलांचा आवाज आणि माणसांचा ओघ सांगतात.

मैदान नदीच्या पात्रालगत लांबलचक पसरलेलं असतं. सावली कमी. टोपी, पाण्याची बाटली आणि हलके कपडे हवेत. शिवाय एक पातळ जॅकेट पाठीवरच्या पिशवीत असू द्या, कारण दुपारी घाम काढणारं ऊन संध्याकाळी समुद्रावरचा वारा सुटला की एकदम निवतं. कोरियातला खरा पाऊसकाळ जूनच्या अखेरीस सुरू होतो. दानो उशिरा आला त्या वर्षी छत्रीही बरोबर घ्या. कचऱ्याचे डबे फार दिसत नाहीत, म्हणून स्वतःची एक पिशवी ठेवा.

माहितीच्या तंबूत इंग्रजी नकाशा मागून घ्या. त्यावर तीन जागा खुणा करून ठेवा: गुतचा, म्हणजे देवाच्या विधीचा मांडव, मुखवट्यांच्या नाटकाचं स्टेज आणि अनुभवांचे तंबू. बाकी सगळं आपोआप सापडतं.

५. गुतच्या मांडवात बसायला शिका

गुत म्हणजे मुदांग, अर्थात देवाशी बोलणाऱ्या स्त्रिया, जो विधी करतात तो. दानोजेत तो चार-पाच दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतो. एकामागून एक अध्याय होतात. एक देवासाठी, एक पूर्वजांसाठी, एक मूलबाळ व्हावं म्हणून, एक समुद्रावर जाणाऱ्या कोळ्यांसाठी, एक देवी या रोगाच्या साथीला पाहुण्यासारखं मानाने वाटेला लावण्यासाठी. पूर्व किनाऱ्यावरच्या मुदांग बहुधा पिढीजात असतात. ताल, गाणं, गोष्ट सांगणं हे घरातच शिकलेलं असतं आणि ते ऐकताना कळतं.

मांडवाच्या आत समोर वेदी असते. तिच्यावर फळांचे आणि तांदळाच्या गोड वड्यांचे ढीग, मागे हाताने कातरलेली कागदी फुलं आणि कंदील, आणि मध्ये ते डोंगरावरून आणलेलं झाड. बाजूला वादक बसतात. जांगगू हा कमरेत बारीक असलेला ढोल, मोठी घंगाळासारखी घुमणारी झांज आणि हातात धरायची लहान कर्कश झांज. एवढ्या तीन वाद्यांतून ते जे ताल उभे करतात ते ऐकत बसलं तरी दोन तास जातात.

जमिनीवर चटया टाकलेल्या असतात आणि त्यांवर शहरातल्या आजीबाई दाटीने बसलेल्या असतात. बूट बाहेर काढा, पिशवीत घालून जवळ ठेवा. रिकामी जागा दिसली तर ‘योगी आंजादो द्वेयो?’ असं विचारा, म्हणजे इथे बसलं तर चालेल का. मी ज्या ज्या वेळी विचारलं त्या त्या वेळी कुणीतरी सरकून जागा केली आणि थोड्या वेळाने हातावर संत्रं किंवा तांदळाची वडी ठेवली. ती दोन्ही हातांनी घ्यायची. मोठ्या माणसाकडून काहीही घेताना किंवा देताना दोन हात वापरणं ही तिथली रीत आहे.

मग बघत राहा. एखादी आजी उठते, वेदीसमोर वाकते, हजार वॉनच्या नोटा ठेवते. मुदांग तिच्याजवळ येते, घरच्यांची नावं विचारते आणि गाण्यात ती नावं ओवते. पांढरा पातळ कागद पेटवून ती दोन्ही तळव्यांवरून वर सोडते. कागद जळत जळत हलका होतो आणि राख छताकडे चढते. जितकी सरळ वर जाईल तितकं चांगलं, म्हणून सगळ्या बायका मान वर करून त्या राखेकडे बघतात. राख वर गेली की आजीचा चेहरा सैलावतो. दुसऱ्याच मिनिटाला मुदांग काहीतरी चावट बोलते आणि अख्खा मांडव हसतो. रडणं आणि हसणं इतकं जवळजवळ असतं की भाषा न येणाऱ्यालाही ते पोचतं.

एका अध्यायाची वेळ मुद्दाम विचारून ठेवा: शिम छॉंगची गोष्ट. आंधळ्या बापाला दृष्टी यावी म्हणून समुद्राला स्वतःला देणाऱ्या मुलीची ही कथा एकटी मुदांग उभ्याने गाऊन सांगते. डोळ्यांचं आरोग्य राहावं म्हणून ती ऐकायची असते. ती बरीच लांब चालते आणि आजीबाईंचे रुमाल बाहेर निघतात.

फोटोंबद्दल स्पष्ट बोलतो. वेदी आणि मुदांग यांच्या मधून जायचं नाही, फ्लॅश लावायचा नाही, प्रार्थना करणाऱ्या बाईच्या तोंडासमोर फोन धरायचा नाही. शंका असेल तर ‘साजिन चिगॉदो द्वेयो?’ विचारा. पैसे ठेवायची सक्ती कुणालाही नसते. ठेवावेसे वाटले तर एक-दोन हजार वॉनच्या नोटा पुरतात, म्हणून सुटे जवळ असू द्या.

सकाळी लवकर आलात तर याच मांडवाच्या परिसरात दुसरीच पूजा दिसेल. जुन्या दरबारी पोशाखातले पुरुष, शहरातले मानकरी, कन्फ्यूशियन पद्धतीने शांतपणे वाकतात, मद्य अर्पण करतात, मंत्र वाचतात. भिक्षू देव झाला, त्याची पूजा दरबारी रिवाजाने, आणि दिवसभर गाणं मुदांगांचं. कोरियातल्या तीन धर्मपरंपरा एका मांडवात नांदतात आणि तिथल्या कुणालाच त्यात काही खटकत नाही. मला दानोजेतली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

६. मुखवट्यांचं नाटक: भाषा नको

ग्वानो नाटक पूर्वी सरकारी कचेरीतले गुलाम करत. नाटकात एकही संवाद नाही. कोरियात मुखवट्यांची नाटकं पुष्कळ, पण मूक असं हे एकच म्हणतात. पाहुण्याला याहून सोयीचं काय असणार.

आधी येतात दोन जांगजामारी. डोक्यापासून पायापर्यंत पोत्यासारखं कापड, आत कडं घालून फुगवलेलं पोट, अंगावर समुद्री शेवाळ आणि धान्याच्या लोंब्या. ते पोट हलवत मैदान झाडून काढतात, प्रेक्षकांच्या अंगावर जातात, लहान मुलं किंचाळतात. मग लांब दाढीचा, उंच टोपीचा यांगबान हा सरदार आणि लाजरी सोमे गाक्सी येतात आणि त्यांचं जमतं. भयंकर मुखवट्यांचे दोन सिसित्ताक्तागी मध्ये घुसून तिला ओढतात, नाचायला लावतात. यांगबान तिच्यावरच संशय घेतो. आपण निर्दोष आहोत हे दाखवायला ती त्याचीच दाढी गळ्याभोवती गुंडाळून जीव देते. सगळे प्रार्थना करतात, ती उठते, आणि शेवटी सगळे मिळून नाचतात. या नाचात प्रेक्षकांना ओढतात. ओढलं तर जा.

ज्यांच्या अंगावर मालकाचा हक्क होता त्यांनी सरदाराला संशयी आणि मूर्ख दाखवलं, तेही शब्द न वापरता. पुढच्या रांगेत बसून दाढीचा प्रसंग बघा. दाढी ओढली जाताना सरदाराचा मुखवटा खाली झुकतो आणि लाकडी चेहऱ्यावरचे भाव बदलल्यासारखे वाटतात. प्रयोग दिवसातून एखाद-दोनदा होतो, वीस मिनिटं आधी जागा धरा.

७. हात लावून करायच्या गोष्टी

अनुभवांच्या तंबूंत काही गोष्टी फुकट असतात, काहींना थोडे पैसे पडतात. पाटी बघून रांगेत उभं राहायचं.

छांगपोच्या पाण्याने केस धुणं आधी करा. छांगपो म्हणजे आपलं वेखंड. तान्ह्या बाळाच्या टाळूवर उगाळून लावतात तेच. दानोच्या दिवशी वेखंडाची पानं-मुळं उकळलेल्या पाण्याने केस धुतले की ते चमकतात आणि इडापिडा टळते, असा समज आहे. पारंपरिक पोशाखातली बाई तुम्हाला घंगाळावर वाकायला सांगते, खांद्याला टॉवेल गुंडाळते आणि वाटीने हिरवट पाणी केसांवर सोडते. पाणी गार असतं. मुळाचा तिखट वास इथे पानांमुळे सौम्य झालेला असतो, पण मराठी नाकाला तो लगेच कळतो. केस ओले राहतात म्हणून हे दुपारच्या उन्हात करावं.

शिंजूची चव छोट्या कपातून देतात. पांढुरकी, आंबटगोड. दारू चालत नसेल तर नुसती मान हलवून हात जोडले तरी कुणी रागावत नाही. दानोला पंखे भेट द्यायची जुनी पद्धत आहे, त्यामुळे पंखा रंगवायला मिळतो. सुरिछ्वी या रानभाजीची पानं घालून केलेल्या हिरव्या वड्यांवर लाकडी ठशाने चाकाची नक्षी उठवायला मिळते, आणि ती वडी मग खाता येते.

झोपाळा हा दानोचा बायकांचा खेळ. उंच खांबांना बांधलेल्या पाटावर उभं राहून झोके घ्यायचे. स्पर्धेतल्या बायका आडव्या होईपर्यंत चढवतात. पुरुषांचा खेळ सिरुम. वाळूच्या गोलात दोघं एकमेकांच्या कंबर-मांडीला बांधलेला पट्टा धरून गुडघ्यांवर सुरुवात करतात. पंचांच्या इशाऱ्यावर उठतात आणि गुडघा किंवा त्याच्या वरचा अंगाचा कोणताही भाग ज्याचा आधी वाळूला लागेल तो हरला. पाठ टेकवावी लागत नाही, त्यामुळे डाव क्षणात संपतो. डोळे हलवू नका. सिरुम २०१८ मध्ये उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या एकत्रित नावाने युनेस्कोच्या यादीत गेला. मुलांचे सामने सकाळी असतात आणि मोठ्यांपेक्षा रंगतदार होतात.

८. शाकाहारी माणसाने काय खावं

आता बाजार. तो प्रचंड आहे. कढया, चाळण्या, टोप्या, औषधी मुळ्या, पाळणे, सर्कशीचा तंबू. पाळणे आणि सर्कस यांना तिकीट असतं.

गांगवॉन हा प्रांत डोंगराळ, भात कमी, म्हणून बटाटा, मका आणि बकव्हीट म्हणजे कुट्टू यांवर तिथली चूल चालते. हे शाकाहाऱ्याच्या पथ्यावर पडतं. गाम्जाजॉन म्हणजे कच्चा बटाटा किसून, पाणी काढून, तव्यावर जाड थापून तेलात भाजलेलं धिरडं. कडा कुरकुरीत, आत चिकट. सोबत सोया सॉस. सहसा त्यात बटाटा आणि मीठच असतं, तरी विचारून घ्या. उकडलेली चिकट कणसं, साखर भरलेल्या गरम पोळ्या, तांदळाच्या वड्या हेही निर्धोक.

फसवणारे पदार्थ वेगळे आहेत. बटाट्याच्या गोळ्यांचं सूप, ओंगशिमी, दिसायला साधं, पण रस्सा बऱ्याचदा सुक्या मासळीचा. बकव्हीटच्या गुंडाळीत किमची असते आणि किमचीत बहुधा मासळीचं पाणी किंवा खारवलेली कोळंबी. नुसतं ‘गोगी’ म्हणजे मांस नको म्हटलं तर मासळी येते, कारण तिथे ते वेगळं धरतात. ‘गोगी, सेंगसॉन, हेमुल आन मॉगॉयो’ असं पूर्ण सांगा: मांस, मासे, समुद्रातलं काही खात नाही. कोरियन लिपीत हे वाक्य फोनमध्ये लिहून ठेवलंत आणि दाखवलंत तर उत्तम. जेवणाच्या तंबूतल्या बायकांना ‘इमो’ अशी हाक मारतात, मावशी म्हणून. हाक मारलीत की लक्ष जास्त मिळतं. बटाटाही न खाणाऱ्या जैन मंडळींनी घरून खाकरे आणि सुका खाऊ न्यावा, मैदानात फार काही हाती लागणार नाही.

एक जेवण मैदानाबाहेर करा. किनाऱ्याजवळच्या छोदांग भागात समुद्राच्या पाण्याने सोयाबीनचं दूध फाडून केलेलं मऊ टोफू मिळतं. हो ग्युनच्या वडिलांनी ते सुरू केलं, असं तिथले लोक सांगतात, आणि गावाला नाव त्यांच्याच टोपणनावावरून पडलं. पांढरं, साधं सुंदुबू मागा. लाल तिखट प्रकारात शिंपले असतात. मैदानातून टॅक्सीने थोड्या वेळात जाता येतं.

छोट्या दुकानांत रोख पैसे लागतात. खिशातल्या नोटा जरा निरखा. पन्नास हजारांच्या नोटेवर चित्रकार शिन साइमदांग आहे आणि पाच हजारांच्या नोटेवर तिचा मुलगा, विद्वान युलगोक. मुलगा जन्मला तो ओजुखॉन वाडा याच शहरात आहे. काळ्या बांबूंच्या बनावरून त्याचं नाव पडलं.

९. शेवटची रात्र

निरोपाच्या रात्री मांडवातली कागदी फुलं, कंदील आणि देवाचं झाड बाहेर आणतात आणि जाळतात. देव डोंगराकडे जातो, देवी तिच्या ठाण्यात. आठवडाभर मांडवात बसलेल्या बायका शेवटपर्यंत हात जोडून उभ्या असतात. गर्दीच्या मागे राहू नका, पण आगीच्या वाऱ्याच्या दिशेलाही उभं राहू नका, कागदाच्या ठिणग्या उडतात.

हा विधी रात्री होतो, त्यामुळे त्या दिवशी सोलला परतायचा बेत ठेवू नका. शेवटची गाडी चुकण्याची शक्यता फार. खोली एक रात्र जास्त घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओजुखॉन पाहून दुपारच्या गाडीने निघा. स्टेशनवरून तिथे शहर बस जाते.